‘मुळशी पॅटर्न’, ‘अंतिम’ आणि सातबाऱ्याबाहेरची माणसं

जयपूरच्या सिविल लाइंसमध्ये मुख्यमंत्र्यांचा बंगला आहे, राज्यपालांचं निवासस्थान आहे, मंत्र्यांचे बंगले आहेत. सरकारकडे गाऱ्हाणं घेऊन निघालेले मोर्चे इथल्या रेल्वे फाटकाच्या आसपास पोलिसांच्या बॅरिकेडपाशी अडवले जातात. याच भागात, मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, मी नोकरीमुळे भाड्याच्या खोलीत राहतो. सोबत ऑफिसातले दोन सहकारी आहेत. एक अजमेर रोडकडच्या गावचा. त्याच्या घरची जमीन कॉलनीसाठी विकली गेली आहे. दुसरा नागौर जिल्ह्यातला, मेघवाल समाजातला. तिघंही आपापल्या घरातले पहिले पदवीधर.

एका रविवारी आम्ही लॅपटॉपवर ‘अंतिम’ बघितला. सिनेमा संपल्यावर अजमेर रोडवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ये तो हमारे गाँव की कहानी है.” माझा मराठी अभिमान जागा झाला. मी म्हणालो, ही नक्कल आहे, मूळ सिनेमा आमचा मराठी आहे, तो बघ म्हणजे कळेल. पुढच्या रविवारी ‘मुळशी पॅटर्न’ लावला आणि मधे मधे थांबवून संवाद हिंदीत समजावत गेलो. सिनेमा दोघांनाही आवडला. मी खूश होतो. तेवढ्यात नागौरच्या मित्राने विचारलं, “खेत बिक गया, ठीक है. पर उस खेत में काम कौन करता था?”

दोन्ही सिनेमे मी तोवर अनेकदा पाहिले होते. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. माझी आई मुळशीच्या शेजारच्याच पट्ट्यात दुसऱ्याच्या खाचरात भातलावणी करत आयुष्यभर वाकली, तरीही पडला नव्हता. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

आधी दोन्ही सिनेमांबद्दल. प्रवीण तरडे यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘मुळशी पॅटर्न’ २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. पुण्याच्या वेशीवरच्या मुळशी तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या. पैसा गाड्या, लग्नं आणि दारूत गेला. बाप स्वतःच्याच जुन्या जमिनीवर राखणदार झाला, तिथेही अपमान झाला म्हणून कुटुंब पुण्याच्या बाजारात हमालीला आलं आणि पोरगा गुन्हेगारीत शिरला. ओम भूतकरचा राहुल्या, मोहन जोशींचा बाप, उपेंद्र लिमयेंचा पोलीस अधिकारी आणि स्वतः तरडे यांचा नान्या भाई ही त्यातली मुख्य माणसं.

हिंदी रिमेक ‘अंतिम : द फायनल ट्रुथ’ २६ नोव्हेंबर २०२१ रोजी आला. दिग्दर्शक महेश मांजरेकर, निर्मिती सलमान खानच्या कंपनीची. राहुल्याच्या भूमिकेत त्याचा मेव्हणा आयुष शर्मा, तर पोलीस अधिकारी म्हणून पगडीधारी शीख वेशात स्वतः सलमान. मराठीत पोलीस असलेले उपेंद्र लिमये हिंदीत नान्या भाई झाले.

पहिला फरक नावातच आहे. ‘मुळशी’ हे एका तालुक्याचं नाव आणि ‘पॅटर्न’ म्हणजे पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट. एक राहुल्या मेला तर दुसरा तयार होतो, कारण त्याला तयार करणारी व्यवस्था जागेवर आहे, असं ते नाव सांगतं. ‘अंतिम’ म्हणजे शेवट, आणि तोही एका माणसाचा. हिंदीत तालुका गेला आणि पॅटर्नही गेला. पुणे पार्श्वभूमीला राहिलं, पण कथेचा कणा झाली पोलीस आणि गुंड यांची झुंज. दोघांनी शर्ट काढून केलेली मारामारी हाच जाहिरातीचा मुख्य माल होता. मूळ सिनेमात पोलीस हा त्या सगळ्या गोंधळातला एक माणूस आहे. रिमेकमध्ये तो तारणहार आहे. तारणहार आला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो.

मांजरेकरांना हे कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावरून त्यांनीच २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला होता. गिरण्या बंद झाल्या, त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या आणि कामगारांची पोरं टोळ्यांकडे वळली, हे त्यांनी तिथे दाखवलं होतं. जमीन आणि गुन्हेगारी यांचा धागा त्यांना चांगलाच ठाऊक होता. तरीही मोठा नट आला की त्याच्या मापाने कथा कापावी लागते. पोलिसाला जागा द्यायची, तर ती कुणाची तरी काढून घ्यावी लागते. ती जमिनीची काढून घेतली गेली.

रिमेक प्रदर्शित झाल्याची तारीख लक्षात घ्या. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनाला त्याच दिवशी एक वर्ष पूर्ण झालं होतं आणि तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा आठवडाभर आधीच, १९ नोव्हेंबरला झाली होती. पडद्यावर शीख नायक, कथेत जमीन गेलेला शेतकरी आणि बाहेर सिंघू-टिकरीवर बसलेले शीख शेतकरी. या तिन्हींना जोडणारा एखादा प्रसंग सिनेमात येऊ शकला असता. तसं काही झालं नाही. पगडी वेशभूषेपुरती राहिली.

इथपर्यंतची तुलना आपल्यापैकी अनेकांनी केली आहे. मराठीत जमिनीतून आलेलं काही निर्माण होतं, हिंदीवाले ते उचलतात आणि त्यातला प्रश्न बाजूला काढून उरलेलं विकतात. ‘सैराट’चं हेच झालं. २०१८ च्या जुलैमध्ये ‘धडक’ आला, कथा याच राजस्थानात, उदयपूरला नेली आणि मूळ सिनेमाच्या प्रत्येक चौकटीत असलेली जात पार पुसट झाली. तेव्हा आपण चिडलो आणि बरोबरच चिडलो. पण ‘अंतिम’वर चिडताना मी एक गडबड करत होतो. नक्कल खोटी, म्हणून मूळ पूर्ण खरं, असं मी धरून चाललो होतो.

नागौरच्या मित्राने बोट ठेवलं ते इथेच. ‘मुळशी पॅटर्न’मधलं दुःख सातबाऱ्यापासून सुरू होतं. ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं, त्याचं नाव गेलं, ही शोकांतिका. ज्याचं नाव तिथे कधी नव्हतंच, तो माणूस सिनेमात येत नाही. मूळ सिनेमाने त्याला वगळलं आणि रिमेकने त्या वगळण्याची हुबेहूब नक्कल केली. दोन्ही सिनेमांचं पूर्ण एकमत असलेली हीच एक गोष्ट आहे.

मुळशीचा इतिहास काढला तर हा पॅटर्न आणखी जुना निघतो. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते म्हणून आपण शाळेत शिकलो. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यातून दिसतं की खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेली होती आणि मावळे ती कसत होते. लढा लांबला तसा सावकारांचा कल मोबदला घेऊन मोकळं होण्याकडे गेला. कसणाऱ्याला जमीन हवी होती, कागदवाल्याला पैसा चालत होता. मग ज्याच्याकडे कसायला कूळ म्हणूनही जमीन नव्हती, ज्याला फक्त मजुरी होती, त्याचं काय झालं असेल? त्याची तर बाजूसुद्धा नव्हती.

शंभर वर्षांनी त्याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, डोंगरात लवासा आहे. लवासासाठी गेलेल्या जमिनींबद्दल कातकरी आदिवासी कुटुंबांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांच्यावर अॅक्शनपट निघाला नाही.

कायदा इथे काय म्हणतो तेही पाहू. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात ‘बाधित कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत जमीनमालकाबरोबर शेतमजूर, कूळ आणि वाटेकरीही आले. संपादनाआधीची तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांची उपजीविका होती, त्यांनाही पुनर्वसनाचा हक्क मिळाला. हे मोठं पाऊल होतं. पण सरकार जमीन संपादित करतं तेव्हा ही व्याख्या कामाला येते. बिल्डर थेट शेतकऱ्याकडून जमीन विकत घेतो तेव्हा, ठरावीक मर्यादेपलीकडची मोठी खरेदी सोडली, तर मजुराचा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन्ही सिनेमांत जमीन अशीच खासगी व्यवहारात जाते. म्हणजे त्या कथेतला मजूर कायद्याच्याही बाहेर आणि कॅमेऱ्याच्याही बाहेर.

हे मजूर कोण असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जातींचं प्रमाण १६.६ टक्के होतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्याकडे कसायला असलेलं क्षेत्र नऊ टक्क्यांच्याही आत होतं. पंजाबात अनुसूचित जातींचं प्रमाण जवळजवळ ३२ टक्के, देशात सर्वाधिक, आणि तिथेही गावच्या सामाईक जमिनीतला आरक्षित एक तृतीयांश हिस्सा कसायला मिळावा म्हणून दलितांना लढावं लागतं. शीख पोलीस पडद्यावर आणलाच होता, तर हाही पंजाब होता.

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे थोडी जमीन होती, त्यांची गोष्टही वेगळी आहे. महार वतन म्हणजे गावाची वेठबिगारी करायची आणि बदल्यात तुकडाभर जमीन राखायची. बाबासाहेबांनी ही गुलामी मोडण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं संपली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. तरीही शहराजवळच्या किती वतन जमिनी मुखत्यारपत्रावर, जुजबी रकमेत, दलालांच्या हातात गेल्या, हे पुण्याच्या आसपास कुणालाही विचारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्यात गदारोळ झाला, तेव्हा शहरी वाचकांना ‘महार वतन’ हा शब्द पहिल्यांदा कळला. आपल्या वस्त्यांत तो शब्द चार पिढ्या बोलला जातो आहे.

राजस्थानात कायदा आणखी कडक आहे. १९५५ च्या राजस्थान टेनन्सी अॅक्टच्या कलम ४२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या खातेदाराने बिगर अनुसूचित जातीच्या माणसाला केलेली विक्री मुळातच रद्दबातल ठरते. कागदावर ही मोठी ढाल आहे. पण माझ्या मित्राच्या नागौर जिल्ह्यात, मेडत्याजवळच्या डांगावासमध्ये, १४ मे २०१५ रोजी काय झालं? जुन्या गहाणाच्या जमिनीचा वाद कोर्टात होता. जमावाने मेघवाल कुटुंबावर हल्ला केला, अंगावर ट्रॅक्टर घातले. त्यात पाच दलितांचा जीव गेला. मित्र त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. सिनेमा बघताना जमिनीवरून होणाऱ्या मारामाऱ्यांना आम्ही दोघं शिट्ट्या मारत होतो, तो मारत नव्हता. कारण मला नंतर कळलं.

आता एक अवघड मुद्दा. जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं दुःख खोटं आहे का? नाही. माझ्या अजमेर रोडवाल्या मित्राच्या वडिलांना पैसे मिळाले, ते संपले आणि आता ते एका गोदामावर रात्रपाळीला बसतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जयपूरजवळच्या नींदड गावचे शेतकरी, बायका-माणसं, खड्ड्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन भूसंपादनाला विरोध करत बसले होते. त्यांना हसण्याचं कारण नाही. जातीने वर असलेला माणूस बाजारात रस्त्यावर येऊ शकतो, हे आपण नाकारू नये.

पण ते दुःख सांगण्याची रीत तपासली पाहिजे. दोन्ही सिनेमांत जमीन विकण्याआधीचं गाव हे हरवलेलं सुख आहे. जमीन आई आहे, बापाला मान आहे, घरात धान्य आहे. हे चित्र ज्याच्या घरात धान्य होतं त्याचं आहे. आपल्या आजोबांना त्या गावात पाणवठा वेगळा होता, चहाची कपबशी वेगळी होती. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितलं ते उगीच नाही. १९४७ मध्ये संविधान सभेपुढे मांडण्यासाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. त्यांच्यासाठी प्रश्न ‘जमीन विकू नका’ एवढाच नव्हता. जमीन मुळात कुणाकडे आणि का, इथून तो सुरू होत होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच प्रश्नावर. हजारो माणसं, बायका पोरांसकट, तुरुंगात गेली. अॅक्शन म्हणाल तर यापेक्षा मोठी कोणती?

त्या रात्री मी आईला फोन केला. विचारलं, आपण कुणाकुणाच्या शेतात जायचो? तिने एकेक खाचर नावानिशी सांगितलं. कुणाच्या बांधाला आंबा होता, कुणाच्या विहिरीचं पाणी वरून ओतलं जायचं, कोण दुपारची भाकरी द्यायचं, कोण मजुरी थकवायचं. मग मी विचारलं, जमिनी विकल्या तेव्हा तुला कुणी सांगितलं का? ती म्हणाली, “सांगायचं काय त्यात? त्या साली लावणीला कुणी बोलवायलाच आलं नाही.”

एवढंच. ना नोटीस, ना मोबदला. एका पावसाळ्यात बोलावणं आलं नाही आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. काही वर्षांनी तिथे सोसायटी झाली आणि आई त्याच जागेवरच्या तीन फ्लॅटमध्ये भांडी घासायला जाऊ लागली. त्या कामावर माझं बी.ए. झालं. सिनेमातला बाप आपल्या जुन्या जमिनीवर राखणदार होतो, तेव्हा थिएटरात माणसं डोळे पुसतात. माझी आई जिथे चिखलात उभी होती तिथेच फरशी पुसायला लागली, तेव्हा कुणाला त्यात काही घडल्यासारखं वाटलं नाही. मलाही नाही. वरून खाली आलेला माणूस दिसतो. खालीच ठेवलेला माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर गेला, तर ती बातमीही होत नाही.

म्हणून मला ‘मूळ विरुद्ध रिमेक’ या भांडणात पूर्वीसारखा रस उरलेला नाही. ‘अंतिम’ हा दुबळा रिमेक आहे, हे मी आजही म्हणेन. ‘मुळशी पॅटर्न’ने एका पट्ट्याची भाषा, राग आणि मूर्खपणा प्रामाणिकपणे दाखवला, हेही म्हणेन. तरडे यांनी आपल्या माणसांची गोष्ट सांगितली, तो त्यांचा अधिकार आहे. आपली गोष्ट त्यांनी का सांगितली नाही, असं विचारत बसण्यापेक्षा आपण ती का सांगितली नाही, हे विचारणं मला जास्त गरजेचं वाटतं. आपण शिकलो, पण शिकताना सिनेमा बघायला शिकलो तो दुसऱ्याच्या जागेवर बसून. राहुल्याचा बाप आपल्याला आपला बाप वाटला. तो आपला बाप नव्हता. आपला बाप त्याच्या बांधावर कामाला होता.

पदवी झालेल्या प्रत्येकाला करता येतील अशी दोन कामं आहेत. पहिलं, घरी विचारा. आई-वडील, आजी-आजोबा कुणाच्या जमिनीवर, कोणत्या बोलीवर काम करत होते आणि ते कसं थांबलं, हे लिहून ठेवा. ही माहिती कुठल्याही दफ्तरात नाही, फक्त त्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं म्हातारी होत आहेत. दुसरं, घराण्यात वतन जमीन होती असं ऐकलं असेल, तर तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात जुने सातबारे आणि फेरफार काढा, भोगवटादार वर्ग २ ची नोंद कधी आणि कशी बदलली ते बघा. वाचता येणारं पहिलं माणूस आपणच आहोत, तेव्हा हे आपल्यालाच करावं लागेल.

आणि जमीन गेलेल्या मित्रांशी बोलणं सोडू नका. १९३० च्या दशकात कोकणात खोतांविरुद्ध आगरी, कुणबी आणि महार कुळं एकत्र आली. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं संप चालवला, बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कसणारे एकत्र येऊ शकतात. पण त्यासाठी ‘शेतात काम कोण करत होतं’ हा प्रश्न आधी टेबलावर यावा लागतो.

आमच्या खोलीत तो आला. अजमेर रोडवाला मित्र त्या रविवारी उशिरा म्हणाला की त्याच्या शेतावर एक बावरी कुटुंब असायचं आणि जमीन विकल्यावर ते कुठे गेलं ते त्याला माहीत नाही. त्याने वडिलांना फोन करून विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

जय भीम.